मोरा गँबिट: एका प्याद्याच्या बदल्यात दोन पट्ट्या

सिसिलियनविरुद्ध (१. ई४ ला काळ्याने सी५ ने दिलेलं उत्तर) खुला डाव खेळायचा म्हटलं की नायडॉर्फ, ड्रॅगन, टायमानोव्ह, स्वेश्निकोव्ह अशी सगळी प्रकरणं पांढऱ्यालाच पाठ करावी लागतात. काळ्याला त्यातलं एकच पुरतं. मोरा गँबिटकडे वळण्याचं माझं कारण एवढंच होतं. १. ई४ सी५ २. डी४ सी×डी४ ३. सी३ डी×सी३ ४. घो×सी३. एक प्यादं गेलं, पण डाव कोणत्या वाटेने जाणार ते बऱ्याच अंशी आपण ठरवलं. (खाली रा, व, ह, उं, घो म्हणजे राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, मोहऱ्याचं अक्षर नसेल तर ती प्याद्याची चाल. × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, ! म्हणजे उत्तम चाल, आकड्यानंतर ‘...’ असेल तर ती काळ्याची चाल. ह एफ-डी१ म्हणजे एफ पट्टीवरचा हत्ती डी१ वर. पट्टी म्हणजे पटावरची उभी रांग. ० – ० म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग.)

प्याद्याच्या बदल्यात काय मिळतं ते पटावर नीट मोजून घ्यावं. सी पट्टी पूर्ण मोकळी होते. डी पट्टीवर काळ्याचं प्यादं उरतं आणि आपलं नसतं, म्हणजे आपल्या हत्तीला तिथून थेट डी६ किंवा डी७ वर दाब देता येतो. आपला एक घोडा बाहेर आलेला असतो, काळ्याचं एकही मोहरं हललेलं नसतं. यापलीकडे काही मिळत नाही. काळ्याच्या राजावर लगेच हल्ला सुरू होतो अशी समजूत करून घेतली की आठव्या-नवव्या चालीला घो जी५ सारखी उडी मारण्याचा मोह होतो. एच६ ने घोडा परत फिरतो आणि प्यादं कमी असलेला साधा डाव हातात उरतो. हल्ला येतो, पण हत्ती सी१ आणि डी१ वर बसल्यावर.

पूर्ण नाव स्मिथ-मोरा: पिएर मोरा या फ्रेंच खेळाडूचं आणि केन स्मिथ या अमेरिकी खेळाडूचं. स्मिथने १९७२ च्या सॅन अँटोनियो स्पर्धेत डोनाल्ड बर्न, लॅरी इव्हान्स आणि मेकिंग यांच्याविरुद्ध हे खेळलं आणि तिन्ही डाव हरला. त्यानंतर बरीच वर्षं या गँबिटची टिंगल होत राहिली. दुसऱ्या बाजूला, १९६० मध्ये ब्युनोस आयरेसला फिशरने कोर्चनोईविरुद्ध हेच वळण घेतलं होतं आणि डाव बरोबरीत सुटला. २०११ च्या यू. एस. ओपनमध्ये मार्क एसरमनने ग्रँडमास्टर लूक व्हान वेलीला याच ओपनिंगने हरवलं. संगणकाला विचाराल तर तो काळ्याच्या बाजूने थोडासा झुकतो. त्या आकड्याने घाबरायचं कारण नाही, पण तो डोळ्याआड करून ‘पांढरा जिंकतोच’ असंही सांगू नये.

आता तयारीचा क्रम. बहुतेक जण आधी सापळे पाठ करतात. मला उलट क्रम उपयोगी पडला: आधी नकार, मग मोहऱ्यांची मांडणी, मग ई५ ची वेळ, आणि सगळ्यात शेवटी सापळे. कारण साधं आहे. जाणता प्रतिस्पर्धी पुष्कळदा सी३ वरचं प्यादं घेतच नाही. तेव्हा काय खेळायचं हे ठरलेलं नसेल तर गँबिटचा सगळा अभ्यास कपाटातच राहतो.

नकाराची सगळ्यात मोठी वाट म्हणजे ३...घो एफ६. मग ४. ई५ घो डी५ ५. घो एफ३ घो सी६, आणि इथे मी ६. सी×डी४ ऐवजी ६. उं सी४ पसंत करतो. ६...घो बी६ ७. उं बी३. डी४ वर काळं प्यादं अजून उभं असतं. ते वसूल करायची घाई करायची नाही. ७...डी५ ८. ई×डी६ (जाता जाता मारून) व×डी६ ९. ० – ०, आणि पुढे घो ए३ व तिथून बी५. तो घोडा बी५ वर पोचला की डी६ वरच्या वजिरावर आणि डी४ वरच्या प्याद्यावर एकाच वेळी येतो. ज्याला शांत डाव हवा त्याने सहाव्या चालीला सी×डी४ करावं. तो रीतसर अलापिन सिसिलियन (पांढऱ्याने दुसऱ्याच चालीला सी३ करण्याचा प्रकार) होतो आणि त्यात पांढऱ्याला धोका फारसा नाही.

दुसरी वाट ३...डी५. ४. ई×डी५ व×डी५ ५. सी×डी४ घो सी६ ६. घो एफ३ उं जी४. इथे डी४ चं प्यादं जाणार असं वाटून उं ई२ खेळायची सवय असते. ती चालही चालते, पण ७. घो सी३ जास्त धारदार आहे. काळ्याने हाव धरून ७...उं×एफ३ ८. जी×एफ३ व×डी४ ९. व×डी४ घो×डी४ केलं तर १०. घो बी५: एका घोड्याने डी४ वरचा घोडाही धरला आणि सी७ वरून शह देऊन ए८ चा हत्ती मारण्याची धमकीही दिली. वजीर पटावरून गेलेले असताना हे घडतं, म्हणून अनेकांना ते दिसत नाही.

३...डी३ बद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. ४. उं×डी३, मग सी४, घो सी३, घो एफ३. प्यादी समसमान, मध्यावर ई४ आणि सी४ ची पकड. कंटाळवाणा पण निर्धास्त डाव.

आता गँबिट घेतल्यावरची मांडणी. ती जवळजवळ ठरलेली आहे: घो एफ३, उं सी४, ० – ०, व ई२, ह एफ-डी१, ह ए-सी१. सी१ चा उंट मुद्दाम यादीत नाही. त्याची जागा काळ्याच्या मांडणीवरून ठरते. वजीर सी७ वर गेला तर उं एफ४, ई५ वर प्यादं आलं तर उं ई३, काळ्याने घोडा ई७ वर आणला तर उं जी५. हा उंट आधीच लावून टाकला की नंतर एक चाल वाया जाते, आणि या ओपनिंगमध्ये वाया गेलेली चाल म्हणजे दिलेलं प्यादं फुकट गेल्यासारखंच.

ई२ वर वजीर का, डी३ किंवा बी३ वर का नाही, हा प्रश्न सुरुवातीला पडतो. ई२ वरून वजीर डी१ हत्तीला मोकळं करतो, ई५ ला मागून बळ देतो, आणि पुढे ई पट्टी उघडली तर काळ्याच्या राजासमोर येऊन ठेपतो. बी३ वर तो सी४ च्या उंटाची परतीची जागाच अडवतो.

मुख्य परीक्षा इथे होते: ४...घो सी६ ५. घो एफ३ ई६ ६. उं सी४ डी६ ७. ० – ० घो एफ६ ८. व ई२ उं ई७ ९. ह डी१. आता ई५ ची धमकी खरी झाली. डी६ चं प्यादं ई५ वर मारायला गेलं तर डी८ चा वजीर डी१ च्या हत्तीसमोर उघडा पडतो. नवव्या चालीच्या आधी ई५ करण्यात आणि नंतर करण्यात जो फरक आहे तो एवढाच, पण तोच निर्णायक. आधी केलं तर बहुतेक वेळा दुसरं प्यादं जातं आणि हाती काही लागत नाही.

काळा बहुधा स्वतःच ९...ई५ करतो. ई६ आणि मग ई५, म्हणजे एका प्याद्याला दोन चाली लागल्या. शिवाय डी५ चा चौकोन आपल्या घोड्याला कायमचा मोकळा झाला. इथे १०. एच३ विसरू नये. ही चाल आळशी दिसते, पण ती नसेल तर उं जी४ ने एफ३ चा घोडा पिन होतो (मागे वजीर असल्याने हलू शकत नाही), डी४ वर काळ्याचा घोडा येऊन बसतो आणि सगळा दाब विरून जातो. पुढे १०...० – ० ११. उं ई३ उं ई६ १२. उं×ई६ एफ×ई६ १३. बी४. ते प्यादं घो×बी४ ने घेतलं तर १४. व सी४: बी४ चा घोडा आणि ई६ चं प्यादं दोन्ही एकदम, आणि ई६ वर मारताना शह बसतो. घेतलं नाही तर बी५ ने सी६ चा घोडा हाकलता येतो.

नवव्या चालीला काळ्याने ९...उं डी७ केलं तर १०. घो बी५ लगेच. डी६ वर घोडा आणि हत्ती दोघांचा मारा असतो, बचाव ई७ च्या उंटाचा आणि वजिराचा. पण डी७ वर काळ्याचाच उंट आल्याने वजिराची नजर अडलेली असते. तो बी८ वर जाऊन डी६ धरतो, मग ११. उं एफ४. काळ्याने ए६ केलेलं आहे की नाही हे प्रत्येक चालीला पाहायची सवय लावून घ्यावी. ए६ झालेलं नसताना काळ्याचा वजीर सी७ वर आला, तर आपला घोडा बी५ वर जायलाच हवा.

यानंतर घो डी५ चं बलिदान. याच्यामुळेच लोक मोराच्या प्रेमात पडतात आणि याच्यामुळेच हरतातही. काळ्याने ए६, व सी७, उं ई७ केलेलं आहे, आपले हत्ती सी१ आणि डी१ वर, उंट एफ४ आणि बी३ वर. घो डी५ ई×डी५, ई×डी५. घोडा गेला, पण सी६ चा घोडा हलला की सी पट्टीवर वजीर उघडा पडतो आणि ई पट्टीवर ई७ चा उंट आपल्या वजिरासमोर असतो. काळ्याचा राजा अजून ई८ वरच असेल तर हे बहुधा चालतं. कॅसलिंग झालेलं असेल तर दहादा विचार करावा. डी५ वर मारण्याआधी मी तीन गोष्टी पाहतो: सी६ चा घोडा ई५ वर येऊन सगळं बंद करू शकतो का, काळ्याला वजीर बी८ वर नेऊन दोन्ही पट्ट्यांवरून एकदम निसटता येतं का, आणि मोहरं परत मिळालं नाही तरी काळ्याचा राजा मध्येच अडकून राहतो का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर ह सी१ वरच थांबून बघणं बरं. घो डी५ ची धमकी तशीच राहिली तरी काळ्याला तिच्यासाठी चाली खर्चाव्या लागतात.

एसरमनच्या त्या डावात काळ्याने घोडा ई७ मार्गे जी६ वर नेला होता: ५...ई६ ६. उं सी४ ए६ ७. ० – ० घो जी-ई७ ८. उं जी५ एफ६ ९. उं ई३ बी५ १०. उं बी३ घो जी६, आणि ११. घो डी५. आठव्या चालीतला उं जी५ इथे महत्त्वाचा आहे. उंट पुढच्याच चालीला परत येतो, म्हणजे वरवर पाहता चाल वाया गेली. पण एफ६ मुळे काळ्याचा ई६ आणि जी८–ए२ कर्ण कायमचा सैल पडला. ११...ई×डी५ १२. ई×डी५ नंतर सी६ चा घोडा हलला की डी६ ने काळ्याचा उंट एफ८ वरच कोंडला जातो.

आता सापळे. आधी आपण लावायचे, मग आपल्याला लागतो तो.

४...घो सी६ ५. घो एफ३ नंतर ५...डी६ ६. उं सी४ घो एफ६ ही काळ्याची अगदी नैसर्गिक वाटणारी चूक. ७. ई५! आता घो×ई५ ८. घो×ई५ डी×ई५ ९. उं×एफ७+ आणि राजाने उंट घेतला की डी८ चा वजीर गेला. ७...डी×ई५ केलं तर ८. व×डी८+ घो×डी८ ९. घो बी५, सी७ वरच्या शहाची धमकी, ९...ह बी८ १०. घो×ई५ नंतर घो सी७ ही थेट मात आहे, कारण डी७ ई५ च्या घोड्याने धरलेला असतो. राजाने वजीर मारला, ८...रा×डी८, तर ९. घो जी५ ने एफ७ कोसळतं. सातव्या चालीला काळ्याची खरी चाल घो जी४ आहे, आणि ती खेळणारा समोर असेल तर तो तयारीने आला आहे असं धरून चालावं.

५...जी६ ६. उं सी४ उं जी७ वरही ७. ई५ येतं. ७...घो×ई५ ८. घो×ई५ उं×ई५ ९. उं×एफ७+ रा×एफ७ १०. व डी५+ आणि ई५ चा उंट परत. हिशोब केला तर एक प्यादं अजून कमीच आहे, पण काळ्याचा राजा उघड्यावर आला आणि ई५ वरचा वजीर एच८ च्या हत्तीवरही रोखलेला आहे. ५...डी६ ६. उं सी४ उं जी४ ला ७. उं×एफ७+ रा×एफ७ ८. घो जी५+ आणि मग व×जी४. दिलेलं प्यादं वसूल आणि काळ्याचं कॅसलिंग संपलं.

आपल्याला लागणारा सापळा ‘सायबेरियन’ नावाने ओळखला जातो, आणि तो आपल्या सवयीच्या चालींतूनच येतो. ५...ई६ ६. उं सी४ घो एफ६ ७. ० – ० व सी७ ८. व ई२ घो जी४. हात आपोआप ९. एच३ कडे जातो, आणि ९...घो डी४! नंतर डाव संपलेला असतो: वजिरावर हल्ला आहे, आणि डी४ चा घोडा मारला तर व एच२ ही मात. ९. उं बी३ लाही तेच उत्तर. ९. ह डी१ ने मात टळते, पण उं सी५ नंतर काळा खूश असतो. म्हणून आठव्या चालीलाच वळण बदलावं. घो एफ६ आणि व सी७ ही जोडी डी६ शिवाय दिसली की व ई२ विसरायचं आणि ८. घो बी५ व बी८ ९. ई५ खेळायचं. ९...घो×ई५ १०. घो×ई५ व×ई५ ११. ह ई१ नंतर दोन प्यादी कमी, पण काळ्याचा एक घोडा आणि भटकता वजीर सोडून बाकी सगळं घरीच आहे. ९...घो जी४ केलं तर १०. उं एफ४, ए६ ने घोडा हाकलला तर ११. घो डी६+ उं×डी६ १२. ई×डी६, आणि डी६ चं ते प्यादं काळ्याच्या वजिराला बी८ वर कोंडून ठेवतं.

सापळ्यात न सापडणाऱ्या प्रतिस्पर्ध्याकडून दोन मांडण्या सर्वाधिक त्रास देतात. पहिली, ई६, डी६, ए६, बी५ आणि मग ह ए७, जिथून हत्ती डी७ वर जाऊन डी६ ला राखतो. हिला ‘शिकागो’ म्हणतात. ह ए७ ला उं ई३ हे उत्तर हत्तीवर हल्ला करूनच येतं, त्यामुळे चाल वाया जात नाही; मग ए४ ने बी५ उसवायला घ्यावं. दुसरी मांडणी जास्त अवघड: काळा घोडा सी६ वर आणतच नाही, बी८ वरून डी७ वर नेतो. ४...डी६ ५. घो एफ३ ई६ ६. उं सी४ उं ई७ ७. ० – ० घो एफ६ ८. व ई२ ए६ ९. ह डी१ बी५ १०. उं बी३ घो बी-डी७. इथे सी पट्टीवर मारायला काही नसतं आणि ई५ ही थंड पडतं. ११. घो डी४ करून ई६ वर उं×ई६ आणि घो×ई६ च्या बलिदानाची तयारी ठेवायची. काळ्याने बेसावधपणे उं बी७ केलं तर ते लगेच करता येतं: ई६ वर बसलेला घोडा डी८ च्या वजिरावर आणि जी७ वर एकदम येतो.

सरावात सगळ्यात जास्त गुण ज्याने जातात ती गोष्ट मात्र सापळ्यांशी संबंधित नाही. ती म्हणजे अदलाबदल. घोड्यांची एक जोडी गेली तरी चालतं, दोन्ही गेल्या की डी५ आणि बी५ वर उडी मारणारं कुणी उरत नाही. वजीर गेले तर ई५ ची धमकीच संपते. काळ्याला हे कळत असतं, म्हणून तो घो ई५, उं डी७–सी६, व बी६ अशा चालींनी देवघेव मागत राहतो. दर वेळी स्वतःला विचारावं की ही अदलाबदल झाल्यावर माझा कोणता हत्ती जास्त काम करेल. उत्तर न सुचल्यास मोहरं मागे घ्यावं, मारू नये. प्यादं कमी असताना मोहरं मागे घेणं जिवावर येतं, पण उं बी३–सी२ किंवा घो एफ३–ई१ सारख्या चाली इथे पुष्कळदा सर्वोत्तम ठरतात.

आणखी एक: ई४ चं प्यादं. सी४ चा उंट, सी३ चा घोडा, डी१ चा हत्ती यांच्या गडबडीत ते एकटं पडतं. काळ्याने बी५–बी४ ने सी३ चा घोडा हाकलला की घो×ई४ ची पाळी येते. म्हणून काळ्याचं बी५ दिसताच बी४ चा हिशोब आधी करायचा: घोडा डी५ वर बलिदानाने जाऊ शकतो का, की ए४ वर जाऊन बी६ कडे पाहू शकतो, आणि तेव्हा वजीर ई४ राखतोय का.

सरावाची पद्धत सांगायची तर चौथ्या चालीनंतरची स्थिती मांडून काळ्याच्या बाजूनेही तेवढेच डाव खेळावेत. काळ्याला कुठे अस्वस्थ वाटतं ते पांढऱ्याच्या खुर्चीतून कळत नाही. संगणकाला पूर्ण ताकदीवर समोर बसवण्यात फायदा नाही. तो हल्ला परतवतो आणि आपण प्रत्येक चालीवर शंका घ्यायला लागतो. त्यापेक्षा डाव संपल्यावर त्याला एवढंच विचारावं: ई५ किंवा घो डी५ कोणत्या चालीला शक्य होतं आणि मी ते कोणत्या चालीला केलं. या दोन आकड्यांतलं अंतर वहीत लिहीत गेलं की बहुतेक पराभवांची नोंद एकसारखी निघते: चाल बरोबर, पण एक-दोन चाली लवकर, ए१ चा हत्ती घरीच असताना.

वेळेचा प्रकारही पाहावा. तीन किंवा पाच मिनिटांच्या डावात काळ्याला दर चालीला धमकी मोजावी लागते, तिथे हे ओपनिंग आपल्या बाजूने आहे. दीड तासाच्या डावात काळा शांतपणे ए६, घो डी७, ० – ० करून बसतो. तिथे विसाव्या चालीपर्यंत प्याद्याचा मोबदला ठोस स्वरूपात, म्हणजे डी६ वरचा दाब, दोन उंट किंवा काळ्याच्या प्याद्यांतली खिंडार यांपैकी काहीतरी, दिसत नसेल तर बरोबरीच्या एंडगेमकडे वळायला सुरुवात करावी. हत्तींचा एंडगेम, आपला हत्ती सातव्या रांगेत आणि काळ्याचं डी६ मागे पडलेलं, असा एका प्याद्याने कमी असूनही बहुधा वाचवता येतो. वजीर आणि एकेक हत्ती राहिलेला सहसा नाही.